उखळीचा सांधा

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री उशिरा ऑफिसचं एक रिलीज चालू होतं. पुढची पायरी संपायला वीस मिनिटं लागणार होती, म्हणून मी फोन घेऊन स्क्रीन सरकवत बसले. एका फोटोपाशी बोट थांबलं. खिडकीच्या कट्ट्यावर बसलेली एक मुलगी, गुडघ्यावर टेकलेली हनुवटी, अंगात विणलेला स्वेटर, बाहेर पाऊस. फोटो छान होता, पण थांबले ते त्यासाठी नाही. काहीतरी खटकलं होतं. मी फोटो मोठा करून पाहिला. तिच्या मनगटाच्या जागी एक बारीक गोल रेघ होती. हात तिथं संपत होता आणि पंजा एका छोट्या गोळीवर टेकला होता.

ती बाहुली होती. रिलीज संपलं, मी झोपले नाही.

अशा बाहुल्यांना 'बॉल-जॉइंटेड डॉल' म्हणतात, थोडक्यात 'बीजेडी', हे मला त्या रात्री कळलं. पुढच्या काही महिन्यांत ज्यांच्याकडे या बाहुल्या आहेत अशा काहीजणींशी आणि दोघा-तिघांशी बोलणं झालं. तुम्ही यात कशा आलात, असं विचारलं की बहुतेकांच्या उत्तराची सुरुवात एकच. एक फोटो पाहिला. बाहुली हातात घेऊन या छंदात आलेलं मला कुणी भेटलं नाही.

त्याच आठवड्यात या बाहुल्यांचा इतिहास शोधताना मी दुसऱ्या एका फोटोपाशी पोचले. काळा-पांढरा, १९३०च्या दशकातला. जिन्यावर पडलेली एक लाकडी मुलगी. एक पाय नाही, पोटाच्या जागी पोकळी, डोकं नको तिकडे वळलेलं. शेजारी तिचे सुटे भाग. मी फोन पालथा ठेवला.

खिडकीतल्या मुलीची वंशावळ सरळ या जिन्यापर्यंत जाते. हे पचवणं मला जड गेलं. विकत घेण्याआधी मला एवढंच समजून घ्यायचं होतं, की तिथून इथपर्यंत ही बाहुली आली कशी. हा लेख त्या शोधाचा आहे.

सांधा

आधी यंत्रणा. शाळेत सांध्यांचे प्रकार पाठ केलेले आठवत असतील. कोपर आणि गुडघा बिजागरीचे, खांदा आणि खुबा उखळीचे. बिजागरी एकाच दिशेत उघडते-मिटते, उखळीतला गोळा चहूबाजूंनी फिरतो. या बाहुल्यांमध्ये कोपर, गुडघा, मनगट, घोटा, कधीकधी कंबरसुद्धा उखळीची असते. सगळे भाग आतून पोकळ. त्यांच्यातून एक घट्ट इलॅस्टिक ओवलेलं असतं. एक फेरा मानेतून धडात उतरून दोन्ही पावलांपर्यंत जातो, दुसरा एका पंजापासून खांद्यांतून दुसऱ्या पंजापर्यंत. टोकांना इंग्रजी 'एस'च्या आकाराचे हूक. खिळा नाही, स्क्रू नाही, गोंद नाही. इलॅस्टिकचा ताण गोळ्याला उखळीत दाबून धरतो आणि घर्षणामुळे हात ठेवला तिथं राहतो.

मराठीत कुणी दुसऱ्याच्या तालावर नाचत असेल तर आपण त्याला कळसूत्री बाहुली म्हणतो. पिंगुळीचे ठाकर कलावंत अजून या बाहुल्यांचे खेळ करतात. तिथं दोरी बाहेर असते आणि दुसऱ्याच्या हातात असते, हालचाल होते ती दोरी ओढल्यामुळे. बीजेडीमध्ये दोरी शरीराच्या आत असते, आणि तिचं काम हलवणं नसून स्थिर ठेवणं हे असतं. बसवलं तर ती बसून राहते. फोटोसाठी हे सोयीचं, हे पुढे महत्त्वाचं ठरणार आहे.

सांध्यांच्या बाहुल्या नव्या नाहीत. १८८९ मध्ये रोममध्ये न्यायालयाच्या इमारतीचा पाया खणताना दुसऱ्या शतकातली एक शवपेटी सापडली. आत क्रेपेरेइया त्रिफेना नावाच्या तरुणीचे अवशेष, आणि शेजारी हस्तिदंती बाहुली. तिचे कोपर-गुडघे वळतात, पण बिजागरीसारखे. जपानमध्ये एदो काळापासून खुबा, गुडघा आणि घोटा वळणाऱ्या 'मित्सुओरे' बाहुल्या होत्या, त्यांना गुडघे दुमडून जपानी रीतीनं बसवता येई. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या जुमोसारख्या कारखान्यांत लाकडी गोळ्यांचे सांधे असलेल्या, इलॅस्टिकनं ओवलेल्या बाहुल्या बनत आणि श्रीमंतांच्या मुली त्यांच्याशी खेळत.

म्हणजे सांधा आधीच होता. त्याचा अर्थ पालटला तो बर्लिनमध्ये.

बर्लिन, १९३३

हान्स बेलमेरचा जन्म १९०२चा, आज पोलंडमध्ये असलेल्या कातोवित्से शहरातला. वडील कडक शिस्तीचे इंजिनिअर. त्यांच्या आग्रहामुळे मुलगा बर्लिनच्या तंत्रशाळेत इंजिनिअरिंगला गेला आणि १९२४ मध्ये ते अर्धवट सोडून चित्रं काढू लागला. (आपल्याकडच्या कितीतरी घरांत ही गोष्ट नावं बदलून सांगता येईल.) पुढे त्यानं जाहिरातींची चित्रं काढण्याचा व्यवसाय थाटला. १९३३ च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. त्या वर्षी बेलमेरनं व्यवसाय बंद केला. या राज्याला उपयोगी पडेल असं कुठलंही काम करायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं, आणि तो बाहुली करायला बसला.

कारणं अनेक सांगितली जातात. आईनं पाठवलेली लहानपणीच्या खेळण्यांची पेटी. रंगमंचावर पाहिलेला ओफेनबाखचा ऑपेरा, ज्यात नायक एका यांत्रिक बाहुलीच्या प्रेमात पडतो. नात्यातली ऊर्सुला नावाची मुलगी बर्लिनला राहायला आली, हेही एक. लाकूड, लोखंडी सळ्या, प्लॅस्टर आणि कागदाचा लगदा वापरून त्यानं जवळपास खऱ्या मुलीएवढी बाहुली उभी केली. मदतीला इंजिनिअर भाऊ फ्रिट्झ होता.

पण बाहुली पूर्ण करणं हा बेलमेरचा हेतू नव्हता. तो ती जोडायचा, मोडायचा, वेगळ्याच रीतीनं जोडायचा आणि दर वेळी फोटो काढायचा. १९३४ मध्ये त्यानं स्वखर्चानं 'डी पुप्पं', म्हणजे 'बाहुली', नावाचं छोटं पुस्तक छापलं. आत १० फोटो, आणि लेखकाचं नाव नाही. ऊर्सुला शिकायला पॅरिसला गेली तेव्हा फोटो तिच्यासोबत गेले, तिथल्या अतिवास्तववादी कलावंतांच्या हाती पडले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांच्या 'मिनोतोर' मासिकात १८ फोटो दोन पानांवर छापून आले. बाहुली बर्लिनमध्येच होती. पॅरिसला पोचले ते तिचे फोटो.

नंतर बर्लिनच्या संग्रहालयात बेलमेरनं सोळाव्या शतकातल्या छोट्या लाकडी बाहुल्या पाहिल्या. त्यांच्या पोटात एक गोळा होता आणि शरीर त्याच्याभोवती फिरत होतं. १९३५ च्या दुसऱ्या बाहुलीत त्यानं ती युक्ती उचलली. आता शरीराला वर-खाली उरलंच नाही. एका पोटाला चार पाय. मला फोन पालथा ठेवायला लावणारे फोटो या दोन बाहुल्यांचे आहेत.

त्यांचं काय करायचं यावर अजून एकमत नाही. निरोगी, भरीव, एकसारख्या शरीरांची पूजा करणाऱ्या राजवटीत एका माणसानं मोडकं शरीर दाखवलं, म्हणून हा विरोध आहे, असं एक वाचन आहे. दुसऱ्या वाचनाचं म्हणणं असं, की विरोध हिटलरला असेल, पण मोडली गेली ती पुन्हा मुलगीच. मला दोन्ही पटतात, आणि पहिलं दुसऱ्याची भरपाई करतं असं वाटत नाही. बेलमेर १९३८ मध्ये पॅरिसला गेला आणि १९७५ मध्ये तिथंच वारला. त्याच्या बाहुलीचं पुढचं आयुष्य मात्र घडलं टोकियोत, आणि तेही एका छापील पानामुळे.

टोकियो, १९६५

तात्सुहिको शिबुसावा हे फ्रेंच साहित्याचे जपानी अनुवादक. मार्की द सादच्या कादंबरीचा अनुवाद केला म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला होता. १९६५ मध्ये त्यांनी बेलमेरवर लिहिलं आणि सोबत त्याच्या बाहुलीचा फोटो छापून आला. मासिकाचं नाव 'शिनफुजिन', म्हणजे 'नवी स्त्री'. बेलमेरची मोडलेली मुलगी जपानमध्ये एका स्त्रियांच्या मासिकातून आली.

ते पान विशीतल्या एका मुलानं पाहिलं. तो लहानपणापासून बाहुल्या करत होता. नीना सिमोन या गायिकेवरून त्यानं 'सिमोन' हे नाव घेतलं आणि पुढे योत्सुया सिमोन म्हणून ओळखला गेला. तोपर्यंत तो करत असलेल्या बाहुल्या एकाच पवित्र्यात असत. नाचणारी बाहुली कायम नाचणार, रडणारी कायम रडणार. फोटोत त्याला दिसली ती पवित्रा नसलेली बाहुली. तिचं शरीर काहीच सांगत नव्हतं आणि म्हणून काहीही सांगू शकत होतं.

मला इथं सगळ्यात जास्त रस आहे तो त्यानं जे पाहिलं त्यात, आणि जे उचललं नाही त्यात. सिमोननं चार पायांची बाहुली केली नाही. त्यानं सांधा उचलला आणि मोडतोड बेलमेरकडेच राहू दिली. दरम्यान तो कारा जूरोच्या बंडखोर नाटकमंडळीत स्त्रीभूमिका करत होता. १९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनात त्याच्या बाहुल्या दिसल्या, १९७३ मध्ये टोकियोच्या गिंझा भागात पहिलं स्वतंत्र प्रदर्शन झालं. त्याच्या मुलामुलींचे चेहरे शांत, थोडे दुखावलेले, सरळ तुमच्याकडे पाहणारे. त्यातली एक शिबुसावांच्या अभ्यासिकेत जाऊन बसली. ज्यांच्या लेखामुळे बाहुल्या सुरू झाल्या, बाहुली त्यांच्याच घरी आली.

१९७८ मध्ये सिमोननं टोकियोत 'एकोल द सिमोन' ही बाहुल्यांची शाळा काढली. तोवर या बाहुल्या पाहायला मिळत त्या प्रदर्शनात. आता ज्याला हवी त्यानं ती स्वतः करायला शिकायचं होतं. आधी मातीचं किंवा स्टायरोफोमचं गाभ्याचं काम, त्यावर लगदा किंवा वाळणारी माती, मग घासणं, पुन्हा थर, पुन्हा घासणं. एका बाहुलीला महिने लागतात.

त्या काळातली एक विलक्षण कलावंत म्हणजे आमानो कातान. जन्म १९५३, आणि १९९० मध्ये मोटरसायकलच्या अपघातात मृत्यू. तिच्या बाहुल्या थकलेल्या, आत वळलेल्या मुलांसारख्या आहेत. त्यांना पाहून कीव येत नाही, त्यांच्या शेजारी जाऊन गप्प बसावंसं वाटतं. त्या मोजक्याच आहेत, आणि बहुतेकांनी त्या पाहिल्या त्या योशिदा र्योइची यांनी काढलेल्या फोटोंच्या पुस्तकांतून. योशिदा स्वतःही बाहुल्या करणारे. पुन्हा तेच झालं होतं. बाहुली एका खोलीत, आणि तिचं पुस्तक अनोळखी हातांत. फरक एवढाच, की आता बाहुली करणारी एक स्त्री होती.

क्योतो, १९९९

इथवर हा सगळा मामला कलावंतांचा. सामान्य नोकरदाराला ही बाहुली मिळाली ती वेगळ्याच वाटेनं. मॉडेलं जोडणाऱ्या पोरांच्या वाटेनं.

१९८०च्या दशकात जपानमध्ये 'गराज किट'ची लाट आली. रोबो, राक्षस, ॲनिमेमधल्या नायिका यांची मॉडेलं मोठे कारखाने काढत नसत, म्हणून हौशी लोक ती घरीच ओतायला लागले. आधी मातीत मूळ मूर्ती घडवायची, तिच्यावरून सिलिकॉनचा साचा घ्यायचा, आणि दोन द्रव मिसळले की काही मिनिटांत घट्ट होणारं पॉलियुरेथेन रेझिन त्यात ओतायचं. यात मोठी यंत्रं लागत नाहीत. मात्र सिलिकॉनचा साचा काही डझन ओतीवांनंतर झिजतो, त्यामुळे नग थोडेच निघतात. खोक्यात मिळायचे ते सुटे, बिनरंगी भाग. जोडायचं, घासायचं, रंगवायचं ते घेणाऱ्यानं.

क्योतोची व्होक्स ही या धंद्यातली कंपनी. १९९९ मध्ये तिनं 'सुपर डॉल्फी' आणली. 'डॉल' आणि 'फिगर' मिळून डॉल्फी. उंची ५७ सेंटिमीटरच्या आसपास, अंग गराज किटच्याच रेझिनचं, आणि आत तेच जुनं इलॅस्टिक. कलावंतांच्या बाहुलीचा सांधा आणि हौशी पोरांचं रेझिन इथं एकत्र आलं.

सोबत किटची सवयही आली. पूर्ण बाहुली विकलीच पाहिजे असं नाही. डोक्याची कवटी मागून उघडते आणि डोळे आतून बसवतात, काचेचे किंवा ॲक्रिलिकचे, मऊ पुटीनं चिकटवून. केस म्हणजे टोप, हवा तेव्हा बदलता येतो. चेहरा हवा तर कोरा मिळतो. पापण्या, भुवया, ओठांचा रंग, गालांवरची लाली हे सगळं पेस्टलची पूड आणि ॲक्रिलिक रंगांनी काढायचं आणि वर मॅट स्प्रे मारायचा. या कामाला 'फेस-अप' म्हणतात. नाही आवडलं तर पुसून पुन्हा. एकाच साच्यातून निघालेली दोन डोकी वर्षभरानं ओळखू येत नाहीत इतकी वेगळी होतात.

माझ्या धंद्यात एखादी वस्तू अपुरी बाजारात आली तर ग्राहक शिव्या घालतात. इथं लोक पैसे देत होते ते त्या अपुरेपणासाठीच. बाहुली उघडता येते, हे बेलमेरला माहीत होतं. व्होक्सनं ती उघडायची परवानगी घेणाऱ्याला दिली, आणि घेणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येनं होत्या. त्यांनी ती उघडली आणि आतून डोळे बसवले.

मराठीत डोळ्यातल्या काळ्या ठिपक्यालाही बाहुलीच म्हणतात. समोरच्याच्या डोळ्यात वाकून पाहिलं की तिथं आपलीच छोटी आकृती दिसते. हा शब्दसंबंध मला आधी कधी सुचला नव्हता. तो सुचला एका डोक्यात डोळा बसवताना, नजर सरळ करायला दहाव्यांदा पुटी काढून लावताना.

पडद्यावरून

मग काही वर्षांतच बाहुली पडद्यावर आली. २००२ मध्ये पीच-पिट या जोडगोळीची 'रोझेन मेडन' ही मांगा सुरू झाली, २००४ मध्ये तिचं ॲनिमे आलं. शाळा सोडून खोलीत कोंडून घेतलेल्या जून नावाच्या मुलाच्या घरी एक जिवंत बाहुली येते. तिच्या बहिणी परिपूर्ण मुलगी होण्यासाठी एकमेकींशी लढताहेत. जूनला सुंदर कपडे रेखाटता-शिवता येतात आणि वर्गात हे उघड झालं म्हणून तो शाळेतून पळाला आहे. बाहुलीचा छंद लपवणाऱ्या माणसाला, विशेषतः मुलाला, ही गोष्ट कुठं लागते ते सांगायला नको.

२००४ मध्येच मामोरू ओशी यांचा 'इनोसन्स' आला. त्यात माणसांच्या करमणुकीसाठी बनवलेल्या यांत्रिक मुली मालकांना मारू लागतात. त्यांच्या सांध्यांत गोळे आहेत, आणि ओशींनी बेलमेरचं ऋण लपवलेलं नाही. सिनेमाच्या निमित्तानं टोकियोच्या समकालीन कला संग्रहालयात गोल सांध्यांच्या बाहुल्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. सिमोन आणि त्यांच्या पिढीचं काम तिथं एकत्र दिसलं. ७० वर्षांपूर्वी बर्लिनहून निघालेले फोटो आता ॲनिमे पाहणाऱ्या पोरांपर्यंत आले होते.

त्याच सुमारास कोरियात नव्या कंपन्या निघाल्या. त्यांनी उंच, प्रौढ शरीरं आणि दुहेरी सांधे आणले, म्हणजे गुडघा अधिक दुमडता येऊ लागला. २००६ पासून चिनी कंपन्या आल्या आणि किमती थोड्या खाली आल्या. साधारण ६० सेंटिमीटरची मोठी, ४२-४३ची मधली आणि २६च्या आसपासची छोटी, अशी मापं रूढ झाली, त्यामुळे एका कंपनीचा टोप दुसरीच्या डोक्याला आणि एकीचे डोळे दुसरीला बसू लागले. आणि हातोहाती डिजिटल कॅमेरे होते. ठेवलं तिथं स्थिर राहणारी, न थकणारी, डोळा न मिटणारी ही बाहुली कॅमेऱ्यासमोर जन्मजात तरबेज होती. घेणाऱ्यांनी फोटो काढले, आणि ते फोटो पाहून पुढचे आले.

माझं रेझिन

आत येण्याची रीत आजही हीच आहे. फोटो दिसतो. मग किमती पाहून माणूस मागं सरतो, कारण मोठ्या बाहुलीच्या पैशांत बरा लॅपटॉप येतो. काही महिने नुसतं पाहत राहणं. मग ऑर्डर, आणि मग वाट. साचे झिजतात म्हणून बहुतेक बाहुल्या मागणीप्रमाणे ओततात, दोन-चार महिने सहज जातात. या वाट पाहण्यात लोक टोप विणतात, स्वेटर शिकतात, नाव ठरवतात. स्वस्तात हवी असेल तर चोरून साचा घेतलेल्या नकलाही मिळतात, आणि त्यावरून मैत्र्या तुटलेल्या आहेत. मूर्ती घडवणारा एकटा कलावंत असतो, त्याचे सहा महिने कुणीतरी एका रात्रीत साच्यात घेतं, हे मला कोडच्या चोरीइतकंच स्पष्ट चुकीचं वाटतं.

माझी ऑर्डर अडली ती पैशांवर नाही, रंगावर. रेझिनचा रंग निवडायचा होता. बहुतेक ठिकाणी पहिला पर्याय 'नॉर्मल', दुसरा 'व्हाइट'. नॉर्मल म्हणजे गुलाबी झाक असलेला गोरा. सावळा रंग असलाच तर 'टॅन' नावानं, जादा पैसे देऊन, किंवा ठरावीक काळापुरता. माझ्या हाताचा रंग त्या यादीत 'नॉर्मल' नव्हता. बेलमेरच्या फोटोंनी मी हादरले होते, पण या गोड चेहऱ्यांच्या यादीपाशीही मला थांबावं लागलं. परिपूर्ण मुलीचा एक साचा इथंही आहेच. मोठे डोळे, छोटं नाक, गोरं अंग, बारीक कंबर. सांधे कितीही फिरोत.

म्हणून ही वंशावळ मी आता सरळ रेषेत वाचत नाही, म्हणजे आधी वाईट होतं आणि मग चांगलं झालं, असं. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी फोटो पाहिला, त्यातलं थोडं उचललं आणि उरलेलं नाकारलं. सिमोननं सांधा घेतला, मोडतोड नाकारली. कातानला गोडवा नको होता, व्होक्सच्या ग्राहकांना दुसऱ्यानं काढलेला चेहरा नको होता. बेलमेरचा फोटो वंशावळीतून काढून टाकता येत नाही. पण त्याच्यापाशी थांबायलाच हवं असंही नाही, कारण सिमोनही थांबला नव्हता.

मी फक्त डोकं मागवलं. टॅन रंगातलं, कोरं. शरीर नंतर बघू. ते जूनच्या शेवटी आलं. मऊ कापडात गुंडाळलेलं, डोळ्यांच्या जागी दोन भोकं, कवटी लोहचुंबकानं बंद होणारी. आई म्हणाली, "हे काय गं? भातुकलीचं वय आहे का हे?" मग हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, कवटी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "डोळे कुठायत?" म्हणाली. मी डबी दाखवली. तिनं तपकिरी निवडले.

चेहरा अजून काढलेला नाही. हवेत दमटपणा असला की मॅट स्प्रे पांढरट धरतो आणि सगळं काम धुरकटतं. पुण्यातल्या पावसाळ्यात हे करू नये, असं ज्यांनी केलंय त्यांनी सांगितलं. मी पेस्टल आणून ठेवलेत. कागदावर भुवयांचा सराव चालू आहे, डावी जमते, उजवी जमत नाही. रेझिन घासायचं तर मास्क लावायचा, भूकटी फुप्फुसाला वाईट, तोही आणलाय. डोकं टेबलावर मॉनिटरशेजारी असतं, उन्हापासून दूर, कारण उन्हानं रेझिन पिवळं पडतं.

परवा व्हिडिओ कॉलवर टीममधली नवी मुलगी मध्येच म्हणाली, "तुमच्या मागे ते काय आहे?" मी मागं वळून पाहिलं. तपकिरी डोळे, भुवया नाहीत, ओठ नाहीत. म्हटलं, अजून ठरायचंय. मीटिंग संपल्यावर तिचा मेसेज आला, फोटो पाठवाल का?